दार कोणी उघडलं?

वर्धा

चि. मुक्ता,

तुझा प्रश्न नेमका आहे. अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणारे कायदेच होते. आपल्याकडे अस्पृश्यता काही सरकारी कायद्याने आणली नव्हती. मग आपल्या संविधानाला इतक्या बारकाईने का लिहावं लागलं? याचं उत्तर आपल्या गावापासूनच सुरू होतं.

लक्ष्मीनारायण मंदिराबाहेर दलितांना थांबवायची ती रूढी, आणि रूढीला शिपाई लागत नाही. जुलै १९२८ मध्ये जमनालालजी बजाजांनी सनातन्यांचा रोष पत्करून ते मंदिर सर्वांना खुलं केलं. मोठंच काम. पण मंदिर त्यांच्या घराण्याचं, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन. दुसऱ्या गावच्या मंदिराचा मालक नाही म्हणाला असता तर दाद कुठे मागायची?

महाडचं चवदार तळं तर नगरपालिकेने ठराव करून खुलं केलेलं. तरी १९२७ मध्ये बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे लोक तिथलं पाणी प्यायले, तेव्हा लोकांना मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं आणि प्रकरण कोर्टात गेलं. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात दलित जिंकले, पण कशावर? अनादी काळापासून तशी रूढी असल्याचं सवर्णांना सिद्ध करता आलं नाही, यावर. माणूस म्हणून हक्क आहे, यावर नव्हे.

त्याच सुमारास बेंजामिन मेज हे कृष्णवर्णीय प्राध्यापक वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटून गेले. पुढे ते, तू राहतेस त्या अटलांटातल्या मोरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले; मार्टिन ल्यूथर किंग तिथलेच विद्यार्थी. मेज यांच्या देशात समतेची घटनादुरुस्ती १८६८ पासून होती. पण १८८३ मध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं, ती सरकारला बांधते, खाणावळवाल्याला नाही. १८९६ मध्ये तर रेल्वेचे वेगळे डबेही समतेत बसवले. १९५४ मध्ये शाळांपुरता तो निकाल मोडला. तुझ्या शहरातल्या ‘हार्ट ऑफ अटलांटा’ मोटेलचं दार काळ्यांना उघडायला मात्र १९६४ चा नागरी हक्क कायदा यावा लागला, आणि कोर्टाने तो उचलून धरला तो आंतरराज्य व्यापाराच्या आधारावर!

आता आपलं कलम १५ (२) वाच. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते: एकेक ठिकाण नाव घेऊन सांगितलंय. कलम १७ अस्पृश्यता पाळणाऱ्या शेजाऱ्यालाही बांधतं. कलम २५ मंदिरं खुली करणाऱ्या कायद्याला वाट देतं. जमनालालजींनी जे मनाच्या मोठेपणाने दिलं, ते १९५० पासून कुणाच्या मोठेपणावर अवलंबून राहिलं नाही. आमच्या घटनाकारांना ठाऊक होतं की इथे अडवणारा हात बहुतेकदा सरकारचा नसतो.

तरी कागदावर भागलं नाही. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा १९७६ मध्ये कडक करावा लागला आणि १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधाचा वेगळा कायदा आणावा लागला. कारण उघड आहे. फिर्याद करायची ती ज्याच्या शेतावर मजुरीला जायचं त्याच्याविरुद्ध, आणि साक्षीदार त्याच गावातला. सरकारविरुद्ध खटला लढणं यापेक्षा सोपं, असं मला कधी कधी वाटतं.

अभ्यासाला विषय शोधते आहेस ना? मग हा घे: शेजाऱ्याविरुद्धचा हक्क चालवायचा कसा. अमेरिकेने त्यासाठी काय केलं ते तिथे शीक, आणि मला सविस्तर कळव.

तुझी,
आत्या