विषयांची निवड
स्कूल सर्टिफिकेटचा निकाल घेऊन कन्या व्हाकवा येथील घरी परतली. केंब्रिजच्या त्या गणनेत एक अंक सर्वोत्तम, नऊ म्हणजे नापास. मराठीत एक, अर्थशास्त्रात दोन. रसायनशास्त्रात मात्र सात. "सात मिळाले, मग खंत कसली?" आजीने भाबडेपणाने विचारले.

तिला डॉक्टर करावे, ही वडिलांची आकांक्षा. पूर्वज उसाच्या मळ्यावर आले तेव्हा सरकारदप्तरी त्यांची ओळख एका क्रमांकाने होई. त्या घराने असे स्वप्न पाहू नये, असे कोण म्हणेल? परंतु रसायनाविना वैद्यकीचे दार उघडत नाही. तिला तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत शिकून मराठीची शिक्षिका व्हावयाचे होते.

हायर सर्टिफिकेटला मुख्य विषय तीनच. मराठी, अर्थशास्त्र व लेखाशास्त्र लिहून तिने अर्ज वडिलांपुढे ठेविला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग सहीसाठी त्यांनी चष्मा मागितला.