सव्यसाची

आपली मराठी भाषा मुळातच उजव्यांच्या बाजूची. एखादी गोष्ट सरस ठरली की ती 'उजवी'. सहज उरकणारे काम म्हणजे 'डाव्या हातचा मळ'. पंगतीत डावा हात पुढे झाला की वडीलधाऱ्यांच्या भुवया चढतात. अशा जगात मी डावखुरी जन्मले.

डोंगरकड्याला पाटीवरचा पहिला 'श्री' मी डाव्या हाताने काढला. गुरुजींनी पेन्सिल उजव्या हातात दिली. ती पुन्हा डावीकडे गेली की बोटांवर पट्टी बसे. दोन वर्षांनी उजवा हात लिहू लागला. भाजी चिरणे, सुई चालवणे, दगड भिरकावणे मात्र डाव्याकडेच राहिले. विळ्याची धार उजव्या हाताच्या सोयीने लावलेली, म्हणून गवत कापणे पुन्हा उजवीकडे! आता पाहणारे कौतुकाने म्हणतात, "पोरगी सव्यसाची आहे, डोक्यानं तेज असणार!"

खरेच का दोन हातांचा आणि बुद्धीचा असा काही संबंध आहे?

सव्यसाची हे अर्जुनाचे नाव. संस्कृतात 'सव्य' म्हणजे डावा. गांडीव दोन्ही हातांनी ओढता येई म्हणून हे नाव. विराटपर्वात उत्तराला आपल्या दहा नावांचे अर्थ सांगताना त्याने स्वतःच तसे सांगितले आहे.

आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याचा एक सव्यसाची आजच्या काळातला आहे. विदर्भाचा फिरकी गोलंदाज अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी गोलंदाजी करतो. २०१७ साली चेन्नईच्या सराव सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या फलंदाजांना त्याने दोन्ही हातांची फिरकी दाखवली. हात बदलताना गोलंदाजाने आधी पंचांना सांगावे लागते, असा नियम आहे. २०२१ साली मणिपूरविरुद्ध त्याची चारही षटके निर्धाव गेली, दोन बळीही मिळाले. पण तो सुरुवातीला उजव्या हाताचा गोलंदाज होता. दुसऱ्या हाताची गोलंदाजी त्याने सरावाने कमावली. उलट सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने, आणि खेळला उजव्या हाताने. म्हणजे एकाने दोन्ही हातांना एकच काम शिकवले, दुसऱ्याच्या हातांनी कामे वाटून घेतली.

शास्त्र काय म्हणते? शंभरांत साधारण दहा माणसे डावखुरी. दोन्ही हात सारखे चालणारी जेमतेम एक. फिनलंडमध्ये सुमारे आठ हजार मुलांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यांत ८७ मुले दोन्ही हातांची निघाली. ती अधिक हुशार नव्हती. उलट भाषेच्या अडचणी त्यांच्यात इतरांच्या सुमारे दुप्पट आढळल्या. अर्थात दोन हात चालतात म्हणून अडचण येते, असे यातून सिद्ध होत नाही. पण दोन हात म्हणजे दुप्पट बुद्धी, हा समज तरी टिकत नाही.

आणि कौशल्यच पाहायचे तर कापसाच्या शेतात जावे. वेचणीला आलेल्या बाया दोन्ही हातांनी बोंडे रिकामी करतात. एक हात ओटीत जातो तोवर दुसरा पुढच्या बोंडावर. दिवसभर हे चालते. त्यांना कुणी सव्यसाची म्हणत नाही. वजनावर मजुरी देतात आणि मोकळे होतात.

हे सारे मी आज लिहीत आहे, त्याला कारण आहे. माझा धाकटा भाऊ यंदा पहिलीत गेला. तोही डावखुरा. आजी म्हणाली, "तुला जमलं, तसं त्यालाबी जमंल. दोन्ही हात चालले तर वाईट काय?"

मी म्हटले, "आजी, माझा दुसरा हात चालू लागला हे खरं. पण त्या दोन वर्षांत बाकीची पोरं धडे वाचत होती, आणि मी नुसता हात सांभाळत होते. गुरुजींनी काही विचारलं तर उत्तर यायचं. पण पाटीवर लिहायचं म्हटलं की रडू यायचं."

आजी काही वेळ गप्प बसली. मग वडिलांकडे वळून म्हणाली, "मास्तराला सांगून ये. लेकराला त्याच्या हातानं लिहू दे म्हणावं."

वडील सोमवारी शाळेत जाणार आहेत. पुढे त्याला हौस वाटली तर उजव्या हातानेही शिकेल. पण ती त्याची हौस असावी. त्यामागे कुणाची पट्टी नसावी.