गरम हवा कोणाच्या खिडकीत?

विज्ञानकथेबद्दल मी दोन तक्रारी नेहमी ऐकते. विज्ञानाचे शिक्षक म्हणतात, "यात विज्ञान कुठे आहे? सगळी थाप." भाषेचे शिक्षक म्हणतात, "यात गोष्ट कुठे आहे? सगळी माहिती." मी उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणजे मी दुसऱ्या गटातली. पण मुलांना विज्ञानकथा वाचून दाखवता दाखवता माझं एक मत बनलं आहे. लेखकाने एक थाप जरूर मारावी, पण मग तिचा हिशेब शेवटपर्यंत चुकता करावा. विज्ञान कामाला येतं ते या हिशेबात.

दास्तानी ऐकत वाढलेल्यांना हे काही अगदीच नवं नाही. 'तिलिस्मे होशरुबा' लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून १८८३ पासून खंडाखंडाने निघाली. तिच्यात जादूगार आहेत, अय्यार आहेत, अख्खी दुनिया पोटात घेणारी जंबील आहे. वाटेल ते घडू शकतं असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. तिलिस्मालाही कायदा असतो. तिलिस्म तोडायचा तर त्याची लौह मिळवावी लागते. ही लौह म्हणजे मराठीतलं लोखंड नव्हे, अरबीतली पाटी. तिच्यावर जे लिहिलंय त्याप्रमाणे वागलं तरच वाट सापडते.

फरक एवढाच, की दास्तानगो तो कायदा स्वतः बनवतो आणि गरज पडली की नवा बनवतो. विज्ञानकथेच्या लेखकाला ही मुभा नाही. एकदा सूट घेतली की बाकीचे कायदे त्याच्या हातात राहत नाहीत. म्हणून उडता गालिचा म्हणजे विमानाचा शोध नव्हे. 'आमच्या जुन्या ग्रंथांत हे सगळं आधीच होतं' असे निरोप फोनवर सगळ्याच धर्मांच्या मंडळींकडून येतात. ते वाचताना मला वाटतं, यात ना विज्ञानाचा मान राहिला ना दास्तानीचा.

हिशेब म्हणजे काय हे मुलांना दाखवायला मी मोबियसची पट्टी वापरते. पारदर्शक प्लास्टिकची लांब पट्टी घ्यायची, तिला एक अर्धा पीळ द्यायचा आणि टोकं चिकटवायची. तिच्यावर उजवा पंजा काढायचा आणि तोच पंजा सरकवत सरकवत पट्टीभर काढत जायचं. फेरी पूर्ण होते तेव्हा पंजा डावा झालेला असतो. कुठेही फाडलं नाही, आरसा धरला नाही, तरी उजव्याचं डावं झालं. आता समजा, आपण राहतो त्या अवकाशालाच असा पीळ असेल आणि एखादा माणूस त्यातून फिरून आला, तर?

जयंत नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेचा आधार हीच कल्पना आहे. तिकडे एच. जी. वेल्सने १८९६ सालीच माणूस असा उलटा केला होता. त्याचा प्लॅटनर हा शाळामास्तर, मूळचा भाषांचा, पण शाळेने त्याच्या गळ्यात रसायनशास्त्रही मारलेलं. (हे वाचून आमच्या स्टाफरूममध्ये बराच हशा झाला होता.) एका हिरव्या पुडीचा स्फोट होतो, प्लॅटनर नाहीसा होतो, नऊ दिवसांनी परततो तेव्हा त्याचं काळीज उजवीकडे असतं. तो डाव्या हाताने आणि उजवीकडून डावीकडे लिहू लागतो.

इथवर आल्यावर वर्गात कोणीतरी म्हणतंच, "टीचर, मग त्याला उर्दूच्या तासाला घ्या." आणि एखादी हुशार मुलगी लगेच अडवते, "नाही चालणार. उर्दू म्हणजे उलटी मराठी नाही. त्याची अक्षरंपण उलटी येतील." तिने हिशेब सुरू केलेला असतो.

तो पुढे नेला आर्थर क्लार्कने. १९४६ साली त्याने एका वीजकेंद्रातल्या अपघातात माणूस असाच उलटवला आणि एक साधा प्रश्न विचारला : हा आता जेवणार काय? लुई पाश्चरने १८४८ साली दाखवून दिलं होतं, की काही पदार्थांचे कण डाव्या-उजव्या हातमोज्यांसारखे असतात, दिसायला सारखे पण एकमेकांत न बसणारे. आपल्या शरीरातली प्रथिनं जवळजवळ पूर्णपणे 'डाव्या' कणांची बनलेली आहेत आणि पचनाची सगळी यंत्रणा त्यांच्याशी जुळलेली आहे. उलटलेल्या माणसाच्या पोटात आपलं अन्न जाईल, पण त्यातलं बरंचसं अंगी लागणार नाही. ताट भरलेलं असेल आणि माणूस उपाशी मरेल. वेल्सचा मास्तर परतून पुन्हा नोकरीवर रुजू होतो, क्लार्कच्या माणसाला मात्र घासाघासाची भ्रांत पडते. वेल्सची गोष्ट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण क्लार्कच्या हातात विज्ञानाने एक अडचण आयती आणून ठेवली आणि गोष्ट तिथून पुढे सरकली.

मला हेच सांगायचं आहे. विज्ञान हे विज्ञानकथेच्या दारावर काठी घेऊन बसलेलं वॉचमन नाही. ते लेखकाला पुढची अडचण पुरवतं.

हे सगळं मी एका मुलीमुळे लिहिते आहे. नववीतली. तिने एका कथास्पर्धेला गोष्ट पाठवली होती. तिच्या मोहल्ल्यात नळाला पहाटे चारला पाणी येतं आणि तिची अम्मी तेव्हा उठते. गोष्टीत एका गच्चीवर हवेतून पाणी काढणारं यंत्र बसतं. सगळे खूश होतात. पण यंत्र ज्याच्या गच्चीवर, तो वेळ ठरवून देतो आणि ती वेळ असते पहाटे चारची. यंत्र आलं, रांग तीच राहिली. कागद परत आला तेव्हा त्यावर लाल शाईत दोनच वाक्यं होती : 'शास्त्रीय आधार नाही. कल्पना अशक्य.' मुलगी मला म्हणाली, "टीचर, यापुढे मी निबंधच लिहिते. त्यात चुकत नाही."

हे वाक्य मला त्या लाल शेऱ्याहून जास्त लागलं. आमच्या मुलींना 'चुकेल' या भीतीने गप्प बसायला शिकवणारे आधीच खूप आहेत. त्यांत विज्ञानाचं नाव वापरलं जाऊ नये.

मी तिला कॉम्प्युटरच्या खोलीमागे नेलं. तिथे एसीच्या नळीखाली एक बादली ठेवलेली असते आणि संध्याकाळपर्यंत ती बरीच भरते. ते पाणी हवेतलंच. हवा पुरेशी गार केली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. म्हणजे 'अशक्य' हा शब्द बाद झाला. पण त्याच एसीच्या मागच्या बाजूला हात धरला तर गरम झोत लागतो. आमच्या विज्ञानाच्या सरांनी आकडा सांगितला : एक लिटर पाणी वाफेतून सुटतं करायचं तर साधारण २,४५० किलोज्यूल उष्णता बाहेर टाकावी लागते. एका घराला रोज पिण्या-स्वयंपाकापुरतं २० लिटर धरलं, तर ४९,००० किलोज्यूल. म्हणजे विजेच्या साडेतेरा युनिटांइतकी उष्णता, एका घराची. शिवाय यंत्र चालायला लागणारी वीजही शेवटी उष्णताच होऊन बाहेर पडणार.

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "टीचर, आमची घरं तर भिंतीला भिंत लागून आहेत. ही गरम हवा कोणाच्या खिडकीत जाणार?"

लाल शेरा तिला गोष्टीतून हाकलत होता. सरांच्या आकड्याने तिला गोष्टीत आणखी एक घर मिळालं.

तिला मी सांगितलं, की हवेतलं पाणी ओढणारी पहिली मुलगी तू नाहीस. १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये बेगम रुकैया सखावत हुसैन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा छापून आली. त्यातल्या स्त्रीराज्यातलं एक विद्यापीठ, बायकांचंच, आकाशातून पाणी खेचणारा फुगा बनवतं. दुसरं विद्यापीठ सूर्याची उष्णता साठवतं, तिच्यावर बिनधुराचे स्वयंपाक होतात आणि शत्रूचं सैन्यही पळवून लावलं जातं. बायका कारभार पाहतात आणि पुरुष 'मर्दाना'त, म्हणजे घरात, बंद.

फुगा नेमकं पाणी कसा खेचतो हे कथेत नीट कळत नाही. तो लाल शेरा इथेही बसला असता. पण दुसरा हिशेब किती चोख आहे पाहा! पुरुष आत गेले तर कचेऱ्यांचं काय? बायका दोन तासांत काम उरकतात, कारण पुरुषांचा बराचसा वेळ धूम्रपानात जात होता. मुलं कोण सांभाळणार? आत बसलेले पुरुष. जनाना-मर्दाना हे दोन शब्द आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होते. रुकैयांनी त्यांची फक्त अदलाबदल केली आणि जी व्यवस्था सृष्टीचा नियम म्हणून चालली होती ती माणसांनी ठरवलेली आहे हे उघडं पडलं. ज्या बाईला लहानपणी भावाकडून चोरून इंग्रजी शिकावं लागलं, तिने हे लिहिलं आणि पुढे मुलींची शाळाही काढली.

म्हणजे हिशेब दोन आहेत, एक निसर्गाचा आणि एक माणसांचा. थोर विज्ञानकथेत दोन्ही जुळतात. पहिला थोडा कच्चा राहिला तरी गोष्ट जगू शकते, रुकैयांची शंभर वर्षांहून जास्त जगली. दुसरा नसेल तर उरते ती यंत्राची माहितीपुस्तिका. पण याचा अर्थ पहिला सोडून द्यावा असा नाही. जिथे तो करता येतो तिथे दुसराही आपोआप खोल होतो, हे मी त्या गरम झोतासमोर पाहिलं.

नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आद्याक्षरं उलटी केली. ती पहिली आली. ज्यांच्या नावावर कोणी विज्ञानाची शंका घेतली नसती, त्यांनाही आपली गोष्ट आपल्या नावाशिवाय उभी राहते का हे पाहायचं होतं. परीक्षकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मुलाच्या कागदावर 'अशक्य' लिहिण्याआधी 'मग पुढे काय होईल?' एवढं लिहावं.

मुलीने गोष्ट पुन्हा लिहायला घेतली आहे. आता तिच्यात शेजारची एक आजी आहे. तिच्या खिडकीत दिवसभर गरम हवा येते आणि तिला रोज दोन हंडे पाणी फुकट मिळतं. परवा मुलगी सरांना विचारायला गेली, "सर, त्या हवेवर आजीला पापड वाळवता येतील का?"

सर म्हणाले, "येतील. पण पापडातलं पाणी पुन्हा हवेत जाणार."

"मग ते यंत्र परत घेईल ना?"

सर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि त्यांनी कागद मागवला.