आमसुलाचा पुडा

मालवणच्या बाजारपेठेत आमचे आमसुलांचे दुकान तीन पिढ्यांचे आहे. वैशाखात रातांबे पिकले की त्यांच्या साली मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवायच्या, ही खटपट पाहतच मी मोठा झालो. अलीकडे गिऱ्हाइकांचा प्रश्न बदलला आहे. पूर्वी विचारीत, “आंबट आहेत ना?” आता विचारतात, “कॅन्सरवर चालतात ना?”

प्रश्न अगदीच निराधार नाही. रातांब्याच्या सालीत गार्सिनॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. पेशींतील जनुकांना जागे करणाऱ्या काही विकरांना ते अटकाव करते, असे बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखविले. पुढे प्रयोगशाळेत वाढविलेल्या कर्कपेशींवरही त्याचा परिणाम दिसला. परंतु काचपात्रातील पेशींना हे द्रव्य थेट व मोजून मिळते. गार्सिनॉल पाण्यात सहज विरघळत नाही. आगळाचा लाल रंग निराळ्याच द्रव्यांचा. मग वाटीभर सोलकढीतून रोगाच्या जागी कितीसे पोहोचणार? रुग्णांवर औषध म्हणून ते सिद्ध झालेले नाही.

वनस्पतींतून कर्करोगाचे औषध निघतच नाही, असे मात्र नव्हे. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिनक्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरतात. पण ते शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात. सदाफुलीची पाने चावणे म्हणजे विषबाधेला आमंत्रण.

आमच्या चिरंजीवांचा आग्रह होता, पुड्यावर ‘कर्करोगप्रतिबंधक’ असे छापावे. अशा जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. कायदा नसता तरी मिथ्योपदेश हा सत्याणुव्रताचा अतिचार आहेच, आणि काटा मारण्यापेक्षा तो मला हलका वाटत नाही. छापले नाही. (चिरंजीव दोन दिवस अबोल होते.)

गेल्या महिन्यात एक बाई आगळाच्या ६ बाटल्या मागू लागल्या. यजमानांच्या केमोथेरपीचे दोन डोस झाले होते. तिसऱ्याऐवजी आगळ देऊन पाहावे, असे घरात घाटत होते. मी एकही बाटली दिली नाही. “डोस चुकवू नका. आगळाचे डॉक्टरांना विचारा, तोंड आले असेल तर हे आंबट-खारट फार झोंबेल,” एवढेच म्हणालो. त्या काही न बोलता निघून गेल्या. आठवड्याने त्यांचा फोन आला. तिसरा डोस झाला होता, तोंड आले होते. आगळ इतक्यात नको म्हणाल्या.