करंज आणि त्याचे भाडेकरू

करंजाची शेंग दिवाळीतल्या करंजीसारखीच, आत बहुधा एकच बी. होळीच्या सुमाराला ओढ्याकाठी तिचा खच पडतो. ती आपणहून उकलत नाही. कोयत्याच्या पाठीने ठोकावी लागते. बी रात्रभर भिजवायचं नि सकाळी पिशवीत टोचायचं. तेलकट बी फार टिकत नाही. एकदा मी जुन्या बियांचा डबा जपून ठेवला होता. चाळीस पिशव्या भरल्या, उगवल्या तीन. ताज्या बियांना मात्र पंधरवड्यात कोंब येतात. पहिली पानं एकेकटी निघतात, पर्णिका पुढे फुटतात. त्यामुळे नवखा हमखास विचारतो, “हा करंजच ना?”

पाणी-खताचे लाड त्याला लागत नाहीत. माणसाचा धीर सुटतो तो पानं पाहून. बांधावरच्या पहिल्या रोपाच्या पानांवर पुटकुळ्याच पुटकुळ्या उठल्या, तेव्हा मी घाबरून पंप पाठीला अडकवला. पुटकुळ्या तशाच राहिल्या, कारण त्या करणारे बारीक कोळी आत सुखरूप. मेल्या त्या कोवळ्या पानाची घडी घालून राहणाऱ्या अळ्या. त्यांतून तपकिरी, पंखाखाली पांढरा पट्टा असलेलं, सुसाट उडणारं फुलपाखरू निघतं, हे मला नंतर कळलं. फुलावर पाहुणे हवेत नि पानावर नकोत, हा माझा हिशेबच चुकीचा होता. तेव्हापासून करंजाजवळ पंप नेत नाही. झाड पुटकुळ्यांसकट वाढलं.

चैत्रात जुनी पानं झडून पोपटी पालवी येते, मागोमाग पांढरट-गुलाबी घोस. फुलाच्या खालच्या दोन पाकळ्या जुळून होडी होते, पुंकेसर तिच्यात लपलेले. वर कुणी बसलं की होडी दबते आणि पराग पोटाला लागतो. सातेरी माश्या दिवसभर असतात, पण काळा भुंगा उतरला की अख्खा घोस लवतो.

हा भुंगा राहतो माझ्या गोठ्याच्या वाशात. बोट जाईल एवढं गोल भोक, खाली पिवळसर भुसा. आई म्हणाली, “शेणामातीने बुजव ती भोकं.” मी नवा वासा चढवला आणि पोखरलेला आडोशाला, भिंतीशी उभा केला. भुंग्यांनी दोन्ही घेतले.

“झाड तू लावलंस, भाडेकरू मात्र माझ्या गळ्यात,” आई म्हणते. वैशाखात तिच्या केरसुणीपुढे दोन्ही असतं: लाह्यांसारखी सांडलेली फुलं आणि वाशाचा भुसा.