डोंगराचा पायथा कोठे सुरू होतो?

२० नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरवली पर्वताची एक व्याख्या मान्य केली : भोवतालच्या पातळीपेक्षा १०० मीटर किंवा त्याहून अधिक उंच उठलेले भूरूप ती अरवलीची टेकडी, आणि अशा दोन टेकड्या एकमेकींपासून ५०० मीटरांच्या आत असतील तर ती अरवलीची रांग. २९ डिसेंबर रोजी त्याच न्यायालयाने हा निर्णय स्थगित ठेवला. मधल्या एकोणचाळीस दिवसांत, ज्यांची पर्वताशी गाठ केवळ दहावीच्या नकाशा भरण्यापुरती पडली होती, असे लोकही ‘डोंगर कशाला म्हणावे’ या प्रश्नावर हिरिरीने बोलू लागले. भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला याचा आनंद व्हावयास हवा होता. तो फार वेळ टिकला नाही, कारण त्याच दिवसांत गावाकडून माझ्या चुलतभावाचा फोन आला. त्याने विचारले, “आण्णा, आपलं गाव डोंगरात धरलंया का नाही, एवढं सांगा.”

मी म्हैसूरला विजयनगरच्या दुसऱ्या टप्प्यात राहतो. गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. पश्चिम घाटातील पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा मार्च २०१४ मध्ये निघाला आणि सहावा ३१ जुलै २०२४ रोजी. या सहाव्या मसुद्यात सहा राज्यांतील मिळून सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० आणि कर्नाटकाचे २०,६६८. यादीचे एकक महसुली गाव हे आहे. म्हणजे गाव एक तर आत, नाही तर बाहेर. अर्धे गाव डोंगरात आणि अर्धे खाली, असे उत्तर या पद्धतीत बसत नाही. आणि आमचे गाव नेमके तसेच आहे. गावठाण ओढ्याच्या काठी, एक वाडी मधल्या टप्प्यावर आणि गुरांची चराई वर सड्यावर. चुलतभावाला वाडीच्या वर खडीची खाण नको आहे, आणि गावठाणात पोराचे घर बांधायला अडथळाही नको आहे. त्याची मागणी मला पूर्ण शहाणपणाची वाटली.

उत्तर देण्यापूर्वी मी गच्चीवर गेलो. आमच्या गच्चीवरून हवा स्वच्छ असेल तर शहराच्या पलीकडे आग्नेयेस चामुंडीचा डोंगर दिसतो. त्याचे शिखर कोठे आहे, हे पहिलीतले मूल बोट दाखवून सांगेल. पण त्याचा पायथा कोठे आहे? पायऱ्या सुरू होतात तेथे? रस्त्याला पहिला चढ लागतो तेथे? की त्याच्याही अलीकडे, जेथे जमीन इतकी सावकाश उचलली जाते की सायकलस्वारालाच ते कळते? पर्वतांच्या वर्गीकरणाची बहुतेक भांडणे या तळाच्या रेषेवरची असतात.

विल्यम लॅम्बटनला ही अडचण नव्हती. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत तो होता. पुढे १० एप्रिल १८०२ रोजी त्याने मद्रासजवळ पायारेषा मोजण्यास आरंभ केला आणि त्रिकोणांची साखळी द्वीपकल्पभर पसरवीत नेली. १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे तो वारला. त्याच्या कामाला डोंगरमाथे लागत, आणि माथा हा बिंदू असतो. बिंदूची उंची आणि स्थान एकदा मोजले की वाद मिटतो. प्रदेश मात्र बिंदूंनी बनत नाही. त्याला कड लागते, आणि निसर्गात कड आखलेली क्वचितच सापडते.

शाळेत आपण भारताचे सहा प्राकृतिक विभाग पाठ करतो : हिमालय, उत्तरेचे मैदान, द्वीपकल्पीय पठार, वाळवंट, किनारपट्ट्या आणि बेटे. ही यादी चुकीची नाही. पण तिच्यात कसोट्या बदलत जातात, हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. हिमालय वेगळा काढला तो त्याच्या घडणीवरून, वाळवंट काढले ते हवामानावरून, मैदान नद्यांनी आणलेल्या गाळावरून, आणि बेटे तर केवळ भोवती पाणी आहे म्हणून. माझ्या वर्गात एका मुलीने विचारले होते, “सर, सह्याद्री पर्वत आहे, मग तो पठाराच्या विभागात कसा?” मी तिला त्या वेळी पुस्तकी उत्तर दिले. प्रश्न उत्तराहून चांगला होता.

कारण सह्याद्री हा हिमालयासारखा घड्या पडून उंचावलेला पर्वत नव्हे. तो दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडची तुटलेली कड आहे. कोकणातून पाहिले तर हजार मीटरांची भिंत. वाईकडून किंवा पाटणकडून गेले तर पठाराचाच वर चढत गेलेला भाग, नद्यांनी कोरून काढलेला. महाराष्ट्रात या कडेचा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, बेसाल्टचा. बेळगावच्या दक्षिणेस बेसाल्ट संपतो आणि तीच कड त्याहून कित्येक पटींनी जुन्या खडकांवरून पुढे चालू राहते. खडकावरून विभाग पाडले तर सह्याद्रीचे दोन तुकडे होतात. उताराच्या आकारावरून पाडले तर तो एकच. चामुंडीचे उदाहरण घ्या. तिचा ग्रॅनाइट सुमारे ८० कोटी वर्षांचा, भोवतालचे पट्टिताश्म त्याहून कितीतरी जुने. मऊ ते झिजून गेले आणि कठीण ते उभे राहिले. चामुंडी कोणत्याच रांगेत नाही. ती पठारावर उरलेली एकटी टेकडी आहे.

आता मोजमापाकडे येऊ. समुद्रसपाटीपासूनची उंची ही एकटी कसोटी फसवी असते. माझी गच्ची समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून उंच आहे, कोकणातल्या पुष्कळ डोंगरांहून उंच. तरी विजयनगरला डोंगर कोणी म्हणणार नाही. उताराची कसोटीही एकटी पुरत नाही. साताऱ्याजवळचे कासचे पठार सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे, २०१२ पासून जागतिक वारशात आहे, आणि माथ्यावर ते सपाट आहे. केवळ उतार विचारला तर संगणक त्याला मैदान म्हणून मोकळा होईल. म्हणून २००० च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमासाठी पर्वतांचा जागतिक नकाशा झाला तेव्हा कसोट्या एकत्र केल्या गेल्या. २,५०० मीटरांच्या वर सरसकट पर्वत. १,५०० ते २,५०० मध्ये उतार २ अंशांहून अधिक हवा. १,००० ते १,५०० मध्ये उतार ५ अंशांहून अधिक, किंवा सात किलोमीटरांच्या परिघात सर्वांत उंच व सर्वांत खालच्या जागेत ३०० मीटरांहून अधिक फरक. ३०० ते १,००० मध्ये हा फरकच निर्णायक. या नियमाने कास पर्वतात येते, कारण सात किलोमीटरांच्या आत खोल दरी आहे. चामुंडी काठावर उभी राहते : शिखर हजार मीटरांहून थोडे वर, शहर तिच्याहून तीनशेच्या आसपास खाली. परिघ सातऐवजी चार किलोमीटर घेतला तर काय होईल, हे विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. उंचीची उपग्रह-आधारित माहिती आज विनामूल्य मिळते.

परिघ सातच का, फरक तीनशेच का, याला निसर्गात उत्तर नाही. एडविन हॅमंड या अमेरिकन भूगोलज्ञाने १९५० आणि ६० च्या दशकांत आपल्या देशाचे भूरूप-विभाग पाडताना ८ टक्क्यांहून कमी उताराची जमीन किती, हे पहिले माप धरले. उतार याच्या पुढे गेला की यंत्राची शेती जड होऊ लागते आणि धूप वाढते. म्हणजे त्याच्या भूरूपशास्त्रात ट्रॅक्टर आधीपासून बसलेला होता. मला यात काही वावगे वाटत नाही. मात्र कसोटी कोणत्या कामासाठी निवडली, हे नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेले असावे.

खोऱ्यांचे त्यामानाने बरे असते. पाणी वाद घालत नाही, उताराकडे जाते. देशाच्या पाणलोट नकाशात ६ जलसंपदा प्रदेश, त्यांत ३५ खोरी, ११२ मोठी पाणलोटे, त्यांचे ५०० उपविभाग आणि त्यांखाली ३,२३७ पाणलोट क्षेत्रे अशी उतरंड आहे, आणि तिची रेघ न् रेघ जमिनीवर जाऊन तपासता येते. म्हैसूर शहर अशाच एका जलविभाजकावर वसले आहे : उत्तरेचे पाणी कावेरीकडे, दक्षिणेचे कबिनीकडे, पुढे तिरुमकुडलु नरसीपूरला दोन्ही एक होतात. कावेरी काय आणि आमची कोयना-कृष्णा काय, पश्चिम कड्यावर, अरबी समुद्राच्या हाकेवर उगम पावून समुद्राकडे पाठ फिरवतात आणि सबंध द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतात. पण खोऱ्याची सीमा डोंगराच्या माथ्यावरून जाते. खोरे मोजणाऱ्याला डोंगर म्हणजे दोन खोऱ्यांमधली रेघ. ज्याला डोंगरच वाचवायचा आहे, त्याला ही रेघ अर्धवट दोन बाजूंना कापते.

आता ती कबुली, जिच्यासाठी हे लिहायला घेतले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मी एका प्रकाशकासाठी शालेय नकाशे रंगवून देत असे. प्रमाण एकास दहा लाख, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर एक किलोमीटर. डोंगराळ भाग तपकिरी, पठार पिवळे. सातारा जिल्ह्यात कोयनेचे नाव लिहायला जागा पुरेना, म्हणून मी तपकिरी रंगाची कड दोन मिलिमीटर पश्चिमेला सरकवली. आमचे गाव पिवळ्यात गेले. मला ते तेव्हाच दिसले होते, आणि गंमत वाटली होती. त्या नकाशावरून काही कोणी कायदा केला नाही. पण किती मुलांनी ती कड पाठ केली असेल!

मोठ्या नकाशांतही कड सरकतेच, फक्त तिची कारणे अधिक भारदस्त असतात. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाची हद्द ठरवताना पूर्वेकडे ५०० मीटर आणि पश्चिमेकडे १५० मीटर उंचीवरील वनाच्छादित भूमी धरली. क्षेत्र आले १,२९,०३७ चौरस किलोमीटर. कस्तुरीरंगन समितीच्या २०१३ च्या अहवालात तोच पश्चिम घाट १,६४,२८० चौरस किलोमीटरांचा झाला. मधल्या दोन वर्षांत सह्याद्री वाढला नव्हता. आणि मोठ्या घाटाने संरक्षणही मोठे मिळाले असे नाही, कारण दुसऱ्या समितीने त्यातला सुमारे ३७ टक्के भागच संवेदनशील म्हणून सुचवला. अरवलीच्या १०० मीटरांकडे मी याच नजरेने पाहतो. १०० हा आकडा चूक नाही. पण वाळू अडवणारी आणि पाणी मुरवणारी टेकडी ३० मीटरांचीही असते, आणि त्या कामाविषयी या आकड्याला काही विचारलेलेच नव्हते.

आपल्या भाषांनी हे विभाग केव्हाच पाडून ठेवले आहेत. तळकोकणात खलाटी आणि वलाटी, वर घाटमाथा, त्याखाली मावळ आणि खोरी, पुढे देश. येथे म्हैसुरात करावळी, मलेनाडू, बयलुसीमे : किनारा, डोंगरी मुलूख, उघडे मैदान. रिक्षावाला चामुंडीला ‘बेट्ट’ म्हणतो आणि रस्त्याकडेच्या उंचवट्याला ‘गुड्ड’. किती मीटरांवर गुड्डाचे बेट्ट होते, हे मी त्याला एकदा विचारले, तेव्हा तो माझ्याकडे आरशातून नुसता पाहत राहिला. या शब्दांना बारीक सीमा नाहीत. बखर लिहायला त्या लागत नव्हत्या, गावांची यादी करायला लागतात.

चुलतभावाला मी शेवटी उलट विचारले, “तूच सांग, आपल्याकडे डोंगर कुठून सुरू होतो?”

तो लगेच म्हणाला, “नांगर थांबतो आन् कुदळ सुरू होते तिथनं.”

हॅमंडचे नाव त्याने ऐकलेले नाही. खाली भात, बैलाने नांगरलेला; त्यावर नाचणी-वरी, कुदळीने खणलेली; त्यावर गवत. मी त्याला सुचवले की ही रेषा चालून मोज, फोनमध्ये जागा नोंदवीत जा. गावाच्या निवेदनाला आपण ती जोडू. एक रविवार तो आणि त्याचा मुलगा हिंडले आणि मला सतरा बिंदू पाठवले. मी ते समोच्च रेषांच्या नकाशावर बसवले. अकरा बिंदू ७२० ते ७६० मीटरांच्या पट्ट्यात आले. तीन ओढ्याच्या घळीत बरेच खाली उतरले, कारण तेथे काठ उभा आहे आणि नांगर लवकर थांबतो. एक बिंदू थेट जलाशयाच्या पाण्यात पडला. ती फोनची चूक. उरलेले दोन ज्या बांधावर आहेत, त्याच्या खालचे शेत कोणाचे यावरून भाऊबंदकीचा दावा चालू आहे, तेव्हा तेथे कोण नांगरते आणि कोण खणते हे दर वर्षी बदलते. ते दोन मी नकाशावर पोकळ वर्तुळांनी दाखवले आहेत. निवेदन परवा पाठवले.