पैऱ्यावरचा संसार

एप्रिल लागला की शिरोळात गच्चीगच्चीवर मिरच्या पसरतात. वर्षाची चटणी करायचे हे दिवस. कांदा-लसूण घालून कांडलेलं हे लाल तिखट घरात असलं की निम्मा स्वयंपाक झालेला असतो, हे मी खात्रीनं सांगते. आमच्या घरात ब्याडगी जास्त आणि संकेश्वरी कमी घेतात; ब्याडगीनं रंग येतो, संकेश्वरीनं झणका. किलोभर मिरचीला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, तेवढेच धणे. मग तीळ, जिरं, खसखस आणि लवंग, दालचिनी, दगडफूल असा खडा मसाला. कांदा उभा चिरून आधी उन्हात सुकवायचा आणि मगच तळायचा. ओला तळला तर तेलही जास्त लागतं आणि आत ओल राहिली तर पावसाळ्यात चटणीला बुरशी धरते. मिरच्या डंकावर कांडून झाल्या की लसूण आणि मीठ शेवटी. घरी आणून गार केली, की बरणीच्या तळाशी हिंगाचे खडे टाकून दाबून भरायची आणि तोंडाला फडकं बांधायचं.

पहिल्यांदा वर्षाची चटणी केली तेव्हा धाकटी कडेवर होती, थोरला बालवाडीत. त्या दोघांना सांभाळत इतक्या मिरच्यांची देठं मी एकटीनं खुडायची म्हटली असती तर ते काम कधीच पुरं झालं नसतं. दर पंधरवड्याला दुकानातून पाकीट आणत राहिले असते आणि वर्षाचा हिशेब मांडायची छातीच झाली नसती. लेकरं लहान असताना काटकसर करायला पैशापेक्षा हात जास्त लागतात. शेतकरी औतासाठी पैरा करतात, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या कामाला जातात, तसा आमच्या गल्लीत बायकांचा पैरा चालतो. आज आमची देठं, उद्या शेजारची, परवा कोपऱ्यावरच्या घरच्या शेवया. पहिल्या वर्षी मला वाटायचं, आपलंच काम पडलंय, दुसरीकडे कुठं जायचं? आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, एकदाच सांगितलं, "ती आली व्हती का न्हाई आपल्या देठाला? मग जा आधी तिकडं. भांडी मी घासते." सासूनं सुनेची भांडी घासून तिला शेजारी पाठवणं ही लहान गोष्ट नाही. पैरा कसा टिकतो ते मला त्या दिवशी कळलं.

रोजच्या ताटाचं म्हणाल तर शाळूची भाकरी आणि कोरड्यास. कृष्णा-पंचगंगेच्या मधला हा मुलूख, नरसोबाच्या वाडीला दोन्ही नद्या मिळतात, त्यामुळे काळ्या रानात भाजीला तोटा नाही. संध्याकाळी बाजार उठताना वांगी, पोकळा, मेथी निम्म्या दरात मिळते. कृष्णाकाठच्या वांग्याला फार काही लागत नाही. चटणी, शेंगदाण्याचा कूट आणि गुळाचा खडा पुरतो. भाजी नसली तर तुरीच्या डाळीचं पाणी वाढवून आमटी आणि वाटीभर बेसनाचा झुणका. सकाळच्या भाकरी उरल्या तर त्यांचा कुस्करा करून कांद्याची फोडणी द्यायची. माझी पोरं ताज्या भाकरीपेक्षा त्यावरच तुटून पडतात. थोरल्याच्या डब्यात कुस्करा पाहून वर्गातली पोरं वाटणी मागतात, तेव्हा मी मनातून सुखावते.

इथं घर लावायचं तर नदीला विचारून लावावं लागतं. पावसाळ्यात आम्ही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे डोळे लावून असतो. तिथं ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. २००५ चा पूर घरातल्या मोठ्यांनी पाहिला होता, म्हणून चटणीची बरणी, डाळी, कागदपत्रं माळ्यावर ठेवायची आमच्याकडे रीतच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या गल्लीत पाणी शिरलं, तेव्हा आम्ही पोरांना घेऊन मिरजेला माझ्या माहेरी गेलो. परत आलो तेव्हा माळ्यावरचं सगळं शाबूत होतं. खालच्या वाकळा मात्र गेल्या. चिखल प्यालेली वाकळ दोघांनी धरली तरी उचलत नाही आणि सुकवली तरी तिचा वास जात नाही.

मग सुरू झाला वाकळांचा पैरा. माहेरून आईनं नि काकूंनी जुनी लुगडी पाठवली. पूर न आलेल्या गल्लीतल्या ओळखीच्या बायांनी धोतरं दिली. इचलकरंजी जवळच, तिथं यंत्रमागावर काम करणाऱ्या चुलत दिरांनी सुताचे कोन आणून दिले. दुपारची जेवणं झाली की एका घरात पाच-सहाजणी जमायच्या. मऊ, विरलेली लुगडी आत, धडकी बाहेर. चारी कडांना टाके घालून घ्यायचे आणि मग काठापासून धावदोरा धरून चौकोनात चौकोन करत आत यायचं. दोघी समोरासमोर बसल्या तर कापड ओढलं जात नाही आणि सुरकुतीही पडत नाही. मधला शेवटचा टाका घालण्याआधी आत्या आत भाकरीचा तुकडा ठेवायच्या. वाकळेचं पोट रिकामं राहू नये म्हणून. सगळ्यात मऊ तुकडे मी बाजूला काढले आणि धाकटीला दुपटी शिवली. तिची कुंचीही त्यातूनच निघाली. विकतच्या ब्लँकेटनं ऊब येत नाही असं नाही. पण ते फाटलं की टाकावं लागतं. वाकळ फाटली की तिच्यावर आणखी एक लुगडं चढवता येतं.

खेळणी आम्ही क्वचितच विकत घेतो. शाळूची काढणी झाली की मामा, म्हणजे सासरे, धाटाची बैलगाडी करून देतात. धाटाची साल सोलून वेगळी, आतला भेंडा वेगळा. भेंड्याचे तुकडे सालीच्या कामट्यांनी जोडत जायचं. खिळा नाही, डिंक नाही. सालीची कड पात्यासारखी कापते, म्हणून सोलायचं काम मोठ्यांचं, टोचायचं पोरांचं. बेंदराला मातीचे बैल त्याच गाडीला जुंपतात. थोरला आता स्वतः चाकं करतो आणि शेजारच्या लहानग्यांना शिकवतो.

यंदा कोपऱ्यावरच्या घरात नवी सून आली आहे. तिची चटणी पुढच्या सोमवारी डंकावर जाणार. देठं खुडायला मी शनिवारी जाणार आहे, धाकटीला घेऊनच. तिलाही आता पिवळी पडलेली मिरची ओळखता येते, आणि ती निवडून वेगळी काढायचं काम तिच्याकडे आहे.